गाडी खाली बसवली की चाकांचं काय होतं? – एक पाठ, तीन कृती आणि थोडं गणित



आजचा पाठ जरा वेगळा आहे. माझा विषय गाड्यांचा नाही. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. पण हा पाठ मला शिकावा लागला, आणि शिकल्यावर वाटलं की तुमच्याही वर्गात आणि घरात तो पोहोचायला हवा.

सहावीतल्या मुलांना चित्रकलेच्या तासाला "आवडते वाहन काढा" म्हणून सांगा. दहातली सहा-सात मुलं जमिनीला टेकलेली गाडी काढतात. चाकं वरून आत कललेली, बंपर रस्त्याला लागेल इतका खाली. मोबाईलवरच्या व्हिडिओत ती तसलीच गाडी बघतात. आपल्या सोलापुरातसुद्धा होटगी रोडला, सात रस्त्याला संध्याकाळी अशा एक-दोन गाड्या दिसतातच. मुलं विचारतात, "मॅडम, भारी दिसते ना?" दिसते. प्रश्न दिसण्याचा नाहीये.

असं झालं

माझ्या धाकट्या भावाने जुनी छोटी गाडी घेतली. हौशी मुलगा. गाडी घेतल्या घेतल्या त्याने चारी चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं, बिल जपून ठेवलं. दोन आठवड्यांनी एका गॅरेजमध्ये स्प्रिंग कापून गाडी साधारण दीड इंच, म्हणजे ४० मिलिमीटर खाली आणली. मला फोटो पाठवला. मीही अंगठा दाखवला, हे आधी कबूल करते.

पुढे तीन-चार महिन्यांनी आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. मागच्या सीटवर मी, आई आणि माझी दोन्ही मुलं. येताना पाऊस होता म्हणून गाडी हळू होती, तेच नशीब. तामलवाडी मागे पडली आणि पुढचं डावं चाक धप्पकन बसलं. गाडी डावीकडे ओढली गेली, भावाने कशीबशी कडेला घेतली. टायर काढला तर बाहेरची बाजू छान, खाचा शाबूत. आतली कड मात्र पार झिजून तारा बाहेर आलेल्या. उभ्या माणसाला ती बाजू दिसतच नाही.

भाऊ म्हणाला, "अक्का, पण मी अलाइनमेंट केलं होतं की! कागद आहे माझ्याकडे."

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मेकॅनिक आहेत. आठवीनंतर शाळा सुटलेली. त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी तारीख बघितली आणि म्हणाले, "मॅडम, हे अलाइनमेंट त्या वेळच्या उंचीला केलंय. स्प्रिंग कापल्या त्या दिवशीच हा कागद रद्द झाला."

त्यानंतर दोन रविवार मी त्यांच्या गॅरेजमध्ये स्टूलावर बसून शिकले. पुढचं सगळं त्यातून आलंय. गणित तेवढं माझं.

पाठाचा उद्देश

- गाडीची उंची बदलली की चाकांचे कोन का बदलतात हे समजणे.
- कोनातला छोटासा फरक रस्त्यावर किती मोठा होतो हे मोजून पाहणे.
- दिसण्यासाठी केलेला बदल आणि सुरक्षितता यांचा संबंध ओळखणे.

आधी तीन शब्द

व्हील अलाइनमेंटच्या कागदावर तीन शब्द असतात. ते कळले की निम्मा पाठ झाला.

कॅम्बर: गाडीसमोर उभं राहून चाकाकडे बघा. चाक सरळ उभं आहे की वरून आत-बाहेर कललंय, तो कोन म्हणजे कॅम्बर. वरचा भाग आत कलला तर ऋण कॅम्बर, बाहेर कलला तर धन कॅम्बर. सातवीच्या मुलांना धन-ऋण संख्या शिकवताना हे उदाहरण चपखल बसतं.

टो: आता गाडीवर चढून वरून बघतोय अशी कल्पना करा. दोन्ही पुढची चाकं अगदी समांतर आहेत का? पुढच्या बाजूने एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून दूर वळलेली असतील तर टो-आउट. मुलांना सांगा, पाय जुळवून उभे राहा. मग अंगठे आत घ्या, मग बाहेर. झालं.

कास्टर: सायकलचा पुढचा फोर्क बाजूने बघा, तो सरळ खाली येत नाही, तिरका असतो. हात सोडले तरी सायकल थोडा वेळ सरळ जाते, त्यात या तिरकेपणाचाही वाटा असतो. मोटारीतही चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे झुकलेला असतो. वळण झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं, त्यात या कोनाचा मोठा वाटा आहे.

हे तिन्ही कोन कारखान्यात एका ठरावीक उंचीसाठी ठरवलेले असतात. उंची बदलली की कोन बदलणारच, आणि का ते आता बघू.

सस्पेन्शन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाची रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ती १९४० च्या दशकात आणली. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी घेणारी. म्हणून जगभर पसरली. यात शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग असा एक उभा खांब असतो. खाली एक आडवा हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. हा हात आतल्या टोकाला रबरी बुशवर बसवलेला असतो आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंटने चाकाशी जोडलेला. शेजारी स्टेअरिंगकडून येणारा आणखी एक दांडा असतो, तो टाय रॉड. चाक डावीकडे-उजवीकडे वळवायचं काम त्याचं.

खड्डा आला की चाक वर जातं, स्प्रिंग दबते. पण चाक सरळ रेषेत वर जात नाही. लोअर आर्म दाराच्या फळीसारखा बिजागरीवर फिरतो, म्हणून त्याचं बाहेरचं टोक वर्तुळाच्या कंसात फिरतं. टाय रॉडचं टोकही कंसातच फिरतं, पण त्याचा कंस वेगळा. इंजिनिअर मंडळी या दोन कंसांची अशी जुळवाजुळव करतात की मूळ उंचीच्या आसपास चाक वर-खाली झालं तरी टो फारसा बदलू नये.

गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणं म्हणजे चाक कायमचं ४० मिलिमीटर वर ढकलून ठेवणं. मग त्या जुळवाजुळवीच्या बाहेर आपण कायमचे जाऊन बसतो.

कृती १ : दोन पट्ट्या आणि दोन टाचण्या

साहित्य : जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या (३५ सेंमी आणि २५ सेंमी), टाचण्या, पट्टी, पेन्सिल.

१. पुठ्ठ्यावर ३५ सेंमीची पट्टी आडवी ठेवा. डावं टोक टाचणीने पक्कं करा. हा झाला लोअर आर्म.
२. उजव्या टोकाखाली पेन्सिलीने खूण करा.
३. ते टोक ४ सेंमी वर उचला. पुन्हा खूण करा.
४. दुसरी खूण पहिलीपेक्षा किती आत आली ते मोजा.
५. हेच २५ सेंमीच्या पट्टीने करा. ही टाय रॉड समजा.

सातवीला पायथागोरसचा सिद्धांत आहेच. ३५ चा वर्ग १२२५, त्यातून ४ चा वर्ग १६ वजा करा, १२०९ उरले. त्याचं वर्गमूळ साधारण ३४.७७. म्हणजे टोक सुमारे २.३ मिलिमीटर आत आलं. दुसऱ्या पट्टीचं बघा : ६२५ वजा १६ म्हणजे ६०९, वर्गमूळ साधारण २४.६८. हे टोक सुमारे ३.२ मिलिमीटर आत आलं.

दोघांत फरक किती? सुमारे ०.९ मिलिमीटर. मुलं म्हणतात, "मॅडम, एवढुसा?" तिथेच थांबा. पुढचं गणित त्यांनाच करू द्या.

(खऱ्या गाडीत दांड्यांची लांबी आणि सुरुवातीचा तिरकेपणा गाडीगणिक वेगळा असतो, म्हणून आकडेही वेगळे येतील. आपण तत्त्व समजून घेतोय.)

०.९ मिलिमीटरचं पुढे काय होतं?

टाय रॉड चाकाला थेट मधोमध धरत नाही. तो एका छोट्या हाताला धरतो. तो हात साधारण १२० मिलिमीटर लांब धरू. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा दांडा चाकाच्या मध्यापेक्षा मागे असतो. मागचं टोक ०.९ मिलिमीटर आत खेचलं गेलं की चाकाची पुढची बाजू बाहेर वळते. म्हणजे टो-आउट. (दांडा पुढे असेल तर उलट, टो-इन.)

०.९ भागिले १२० म्हणजे ०.००७५. कोनात सांगायचं तर अर्ध्या अंशापेक्षाही कमी. डोळ्यांनी अजिबात दिसणार नाही.

आता गाडी १ किलोमीटर, म्हणजे १००० मीटर गेली. चाकाचं तोंड जरासं बाहेर, पण गाडी त्याला सरळच नेतेय. मग ते चाक आडवं किती घासलं? १००० गुणिले ०.००७५ म्हणजे ७.५ मीटर. आपल्या वर्गखोलीच्या लांबीएवढं!

सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. तेवढ्यात चाक सुमारे ३४० मीटर आडवं घासलं. सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. तेवढ्यात जवळजवळ १.९ किलोमीटर. टायर जणू एका बाजूला ओढत नेलाय, आणि तोही पावणेदोन-पावणेतीनशे किलोचं ओझं डोक्यावर घेऊन.

हे गणित फळ्यावर सुटलं तेव्हा माझ्या वर्गात एकदम शांतता झाली. मलाही आमचा तो टायर आठवला.

कृती २ : खोडरबर आणि पॉलिश पेपर

टो नंतर कॅम्बर. गाडी खाली आली की पुढची चाकं बहुतेक वेळा वरून आत कलतात, म्हणजे ऋण कॅम्बर वाढतो. १ अंश वाढला असं धरा. १६५ मिलिमीटर रुंद टायरला याचा अर्थ काय? आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या उंचीत सुमारे २.९ मिलिमीटरचा फरक. नव्या टायरच्या खाचा जेमतेम ७-८ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटर उरल्या की टायर बदलायचा असतो. म्हणजे २.९ मिलिमीटर काही थोडं नाही.

मुलांना एकेक खोडरबर आणि पॉलिश पेपरचा तुकडा द्या.

१. खोडरबर सरळ उभा धरून वीस वेळा घासा. झीज सगळीकडे सारखी.
२. दुसरा खोडरबर जरा कलता धरून वीस वेळा घासा. एकच कड झिजली. हा कॅम्बर.
३. तिसरा खोडरबर कलता धरा आणि घासताना तोंड थोडं बाजूला वळवा. तीच कड, पण झीज पटकन, आणि कडेला पिसासारखे दातरे आलेले. हा कॅम्बर अधिक टो.

घरी आल्यावर मुलांना आजोबांची जुनी चप्पल बघायला सांगा. ज्यांचा पाय आत पडतो त्यांची चप्पल आतून झिजते. टायरही चपलेसारखाच, पाय कसा पडतो ते सांगून टाकतो.

टायर झिजवायचं काम कॅम्बरपेक्षा टो जास्त वेगाने करतो. म्हणूनच गाडी थोडी खाली असूनही टो नीट लावलेला असेल तर टायर बरेच टिकतात.

मागच्या चाकांचं आणि कास्टरचं काय?

बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे एकच सलग आडवा बीम असतो. तिथे उंची बदलली तरी कॅम्बर-टो फारसा हलत नाही. चूक असली तर मात्र तो सहजासहजी लावताही येत नाही.

कास्टर बदलतो तो पुढे-मागे असमान खाली केल्यावर. फक्त पुढची बाजू ४० मिलिमीटर खाली केली आणि दोन चाकांतलं अंतर २४०० मिलिमीटर असेल, तर अख्खी गाडी सुमारे १ अंश पुढे झुकली. तेवढाच कास्टर कमी झाला. स्टेअरिंग हलकं वाटतं, वळणानंतर आळसासारखं परत येतं, हायवेवर गाडी भिरभिरते.

पण रेसच्या गाड्या तर खालीच असतात ना?

हा प्रश्न हुशार मुलगा विचारणारच, आणि तो बरोबर आहे. उत्तर प्रामाणिकपणे द्या. गुरुत्वमध्य खाली आला तर फायदा होतो. सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत आपण नंदीध्वज बघतो. एवढा उंच ध्वज उभा तोलून चालायला किती कसब लागतं! उंची जास्त तितका तोल सांभाळणं अवघड.

१००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी, डाव्या-उजव्या चाकांत १४५ सेंमी अंतर असं धरा. बऱ्यापैकी जोरात वळण घेतलं (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा जोर बाजूने लागला) तर आतल्या चाकांवरचं सुमारे १९० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. गाडी ४ सेंमी खाली आणली, तर ५५ च्या जागी ५१. आता १७६ किलो. म्हणजे १४ किलोचा फायदा. आहे, पण केवढा ते बघा.

आणि एक तोटा लपलेला असतो. वळणावर गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तो लोअर आर्मच्या तिरकेपणावर ठरतो. मॅकफर्सन रचनेत गाडी जितकी खाली येते त्यापेक्षा हा बिंदू जास्त खाली जातो. समजा तो आधी १० सेंमीवर होता आणि ८ सेंमी उतरून २ वर आला. आधी गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांत ४५ सेंमी अंतर होतं, आता ४९ झालं. तरफेचा हात लांबला की बल जास्त परिणाम करतं, हे सहावीच्या साध्या यंत्रांत आपण शिकवतोच. म्हणजे गाडी खाली आली तरी कलण्याची ओढ वाढली!

रेसच्या गाडीत म्हणून नुसती स्प्रिंग बदलत नाहीत. आर्मची टोकं, बॉल जॉइंट, टाय रॉडची उंची हे सगळं नव्या उंचीला जुळवून घेतात. त्यांचा रस्ता गुळगुळीत असतो आणि टायर एका दिवसात संपले तरी त्यांना चालतं. आपल्याला तेच टायर तीन-चार वर्षं पुरवायचे असतात.

स्प्रिंग कापली तर?

कृती ३ : जुन्या बॉलपेनची स्प्रिंग घ्या. दाबून बघा. मग तिचे थोडे वेढे कापून पुन्हा दाबा. उरलेली स्प्रिंग जास्त कडक लागेल. स्प्रिंगची ताठरता वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. ६ वेढ्यांतला १ कापला तर ६ भागिले ५, म्हणजे स्प्रिंग २० टक्के कडक झाली.

मेकॅनिकदादांनी यात चार गोष्टी दाखवल्या, त्या तशाच देते.

एक, कारखान्यातल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसेल अशा घाटाचं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते.

दोन, काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवतात. स्प्रिंगच्या पोलादाला खास पाणी दिलेलं असतं. तापवलं की ते जातं, आणि मग ती बसत जाते किंवा तुटते.

तीन, शॉकअप तोच जुना राहिला. तो मूळ स्प्रिंगच्या ताकदीला जुळवलेला होता. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही, गाडी टणाटण उड्या मारते.

चार, चाकाला वर जायला आधी समजा ८० मिलिमीटर जागा होती, आता ४० उरली. पाच माणसं बसली की त्यातलीही गेली. मग प्रत्येक खड्ड्याला शेवटचं रबर आदळतं. तो धक्का थेट बॉडीला आणि आपल्या मणक्याला.

आपले गतिरोधक

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. एवढा पसरट असल्यामुळे छोटी गाडी त्याच्यावर मधोमध असताना चाकंही उतारावरच असतात. त्रिज्या १७ मीटर धरून हिशोब केला तर माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४ सेंमीच्या आसपास वर येतो. १७ सेंमी ग्राउंड क्लिअरन्सच्या गाडीला काहीच अडचण नाही.

पण गल्लीबोळात लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक? अरुंद आणि १५ सेंमीपर्यंत उंच. ते दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतात, म्हणजे अख्खे १५ सेंमी पोटाला. मूळची रिकामी गाडी २ सेंमीने सुटते. ४ सेंमी खाली केली की नाहीच. मग इंजिनखालचं ऑइलचं भांडं किंवा सायलेन्सर घासतं.

तरीही करायचंच असेल तर क्रम काय?

पालकहो, वीस-बावीसच्या मुलाला नुसतं "नको" म्हणून भागत नाही. त्याला क्रम सांगा.

१. स्प्रिंग कापू नका, तापवू नका. त्या गाडीसाठीच बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र बदला. २०-२५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.
२. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चारी चाकांवर नव्या उंचीला उभी असताना पुन्हा आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही गोष्ट घाईत नेहमी राहून जाते.
३. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, बुश यांत खेळ आहे का बघा. ढिल्या भागांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.
४. चारी टायरमध्ये हवा बरोबर भरा. मगच अलाइनमेंट. आधी कॅम्बर आणि कास्टर, स्टेअरिंग मधोमध ठेवून शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून टो शेवटी. बऱ्याच छोट्या गाड्यांत मुळात फक्त पुढचा टोच लावता येतो. कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट लागतात.
५. नवी स्प्रिंग थोडी बसते. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
६. हेडलाइटची उंची पुन्हा लावा.
७. दर महिन्याला स्टेअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवर नजर टाका. आमचं नेमकं हेच राहिलं होतं.

कायद्याचं थोडं

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठळकपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काहीही करण्याआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि आता आपल्या सगळ्यांचा मुद्दा : स्कूल व्हॅन

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कोणी गाडी खाली केलेली नाही. थांबा. जास्त ओझं भरणं म्हणजे गाडी खाली बसवणंच की! स्प्रिंगला कळत नाही की ती कापली आहे की तिच्यावर ठरलेल्यापेक्षा जास्त मुलं बसवली आहेत. चाकाची वर जायची जागा संपते, शेवटचं रबर आदळतं, टायर तापतात, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. मागची बाजू ४ सेंमी बसली की दिव्याचा झोत सुमारे १ अंश वर जातो. ५० मीटरवर तो ८०-९० सेंमी उंच होतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

उद्या सकाळी मुलाला व्हॅनमध्ये बसवताना दोन पावलं मागे या आणि व्हॅनकडे बाजूने बघा. मागून बसली आहे का? टायर आतून झिजलेत का? राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, त्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. पुढच्या बैठकीत टायरची तपासणी हा विषय ठेवा. चालकदादांवर ओरडू नका, त्यांचंही पोट त्यावर आहे. एक-दोन मुलं कमी बसवायला लावायची तर भाड्याचंही बोलावं लागेल, तेवढी तयारी आपली हवी.

स्वाध्याय

१. कृती १ मध्ये टोक ४ ऐवजी २ सेंमी उचला. फरक निम्मा झाला की पाव? का? (इशारा : वर्ग.)
२. टो चुकल्यामुळे चाक दर किलोमीटरला ३ मीटर आडवं घासतंय. सोलापूर ते पंढरपूर साधारण ७५ किलोमीटर धरा. एकूण किती घासलं?
३. घरातल्या किंवा शेजारच्या एका वाहनाचा टायर बघा. आतून, बाहेरून की मधून झिजलाय? चित्र काढा.
४. चर्चा करा : "भारी दिसणं" आणि "चांगलं चालणं" यांत निवड करायची वेळ आली तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुमारे पाव येतं. म्हणूनच १०-२० मिलिमीटरने फारसं बिघडत नाही आणि ४०-५० ला एकदम बिघडतं. हे मुलांनी स्वतः शोधलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा.

भावाने कापलेल्या स्प्रिंग काढून मूळ मापाच्या स्प्रिंग बसवल्या. लोअर आर्मचे बुश आणि पुढचे दोन्ही टायर बदलावे लागले, खर्च बराच झाला. मेकॅनिकदादांना मी विज्ञान दिनाला वर्गात बोलावलं. ते संकोचत म्हणाले, "मी काय शिकवणार मॅडम, मी आठवी पास." त्यांनी एक जुना लोअर आर्म आणि एक झिजलेला टायर आणला. अर्धा तास बोलले. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. तो टायर अजून आमच्या वर्गात कोपऱ्यात ठेवला आहे. नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याचा हात धरून आतल्या कडेवर फिरवतात.

हा पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.